सात ते साडेआठ: मोहित्यांचे वडगावच्या भोंग्याचं प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचं गाव आहे. बहुतेक घरं ऊस पिकवणाऱ्यांची किंवा साखर कारखान्यात कामाला जाणाऱ्यांची. ऑगस्ट २०२२ पासून या गावात रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही बंद आणि मोबाईल बाजूला. साडेआठला दुसरा भोंगा, मग ज्याला जे लावायचं ते लावावं. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, लिहायचं किंवा नुसतं बोलत बसायचं.

'डिजिटल डिटॉक्स करणारं गाव' म्हणून बातम्यांत त्याचं बरंच कौतुक झालं. त्या कौतुकात एक साधा हिशेब मागे पडला. दिवसाचे साडेबावीस तास या गावाने फोनला मोकळेच ठेवले होते. मोबाईल सोडण्याचा संकल्प कुणी केला नव्हता, दीड तासाची एक वेळ ठरवली होती. नववर्षाला किंवा पाडव्याला केलेले बहुतेक संकल्प याच फरकापाशी मोडतात, म्हणून हे प्रकरण सुटं करून पाहण्यासारखं आहे.

अडचण नेमकी कुठे होती

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी मुलांच्या हातात फोन देणं भाग पडलं. शाळा अधूनमधून उघडत, पुन्हा बंद होत राहिल्या. जून २०२२ मध्ये नेहमीसारखं शैक्षणिक वर्ष सुरू झालं तेव्हा मुलं वर्गात परतली, फोन मात्र हातातून सुटला नाही. सरपंच विजय मोहिते यांनी तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मुलं शाळेच्या आधी आणि नंतर, रात्री उशिरापर्यंत, मोबाईलवर खेळतात किंवा टीव्हीसमोर बसतात. आणि गावातल्या पुष्कळ घरांत अभ्यासाला वेगळी खोली नाही.

पहिल्या गोष्टीवर सगळेच बोलतात. प्रकरणाचा गाभा दुसरीत आहे. दोन खोल्यांच्या घरात बाहेरच्या खोलीत टीव्ही असतो आणि त्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जातो. आजोबांच्या बातम्या, आईची मालिका, थोरल्या भावाचे फोनवरचे व्हिडिओ आणि सहावीतल्या मुलाचं गणित, सगळं एकाच छपराखाली एकाच वेळी चालतं. अशा घरात त्या मुलाने 'मी आजपासून टीव्ही बघणार नाही' असं ठरवून काहीही होत नाही. त्याने डोळे मिटले तरी कान उघडे राहतात. एका घराने टीव्ही बंद केला तर मूल शेजारच्या घरात जाऊन बसतं. म्हणजे ध्येय ठरवायचं एकक माणूसही नव्हता आणि घरही पुरेसं नव्हतं, अख्खी आळी धरावी लागत होती.

आत्मसुधारणेबद्दल आपण वाचतो ते बहुधा स्वतंत्र खोली, स्वतंत्र टेबल आणि स्वतःचं वेळापत्रक असलेल्या माणसासाठी लिहिलेलं असतं. इथे ते लागू पडत नाही.

निर्णय कसा झाला

कल्पना मांडल्यावर आधी पुरुष मंडळी हसली. लोक टीव्ही-मोबाईलपासून खरंच उठतील का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो चुकीचा नव्हता. ग्रामपंचायतीने मग बायकांना एकत्र केलं. मालिका बघण्यात आपला फार वेळ जातो हे त्यांनी मान्य केलं आणि गावाने मिळून काही वेळ हे बंद ठेवावं याला होकार दिला. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास झालेल्या सभेत यावर शिक्कामोर्तब झालं आणि भोंगा देवळावर बसवायचं ठरलं.

हा क्रम महत्त्वाचा आहे. संध्याकाळी सात ते साडेआठ ही मराठी वाहिन्यांवर मालिकांची वेळ. नियमाची सर्वांत मोठी किंमत ज्यांना मोजावी लागणार होती, त्यांचा होकार आधी घेतला गेला. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे, पण पुष्कळ ठिकाणी ती कागदावर उरकली जाते. असा नियम करताना ती सभा खरोखर भरवली तर निम्मं काम तिथेच होतं. उलट क्रमाने, म्हणजे आधी पुरुषांनी ठराव करून मग बायकांना कळवलं, तर घरातला टीव्ही बंद करायला उठायचं कुणी हा प्रश्न रोज सात वाजता उभा राहतो.

ठराव झाला म्हणून गाव उठलं असंही नाही. सुरुवातीला भोंगा झाल्यावर ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि गावकऱ्यांचे गट घरोघरी फिरून टीव्ही बंद करा म्हणून सांगत होते. आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक यांना समजावण्याचं काम दिलं गेलं. देखरेखीसाठी प्रभागवार समित्या झाल्या. या माणसांची निवड अचूक वाटते. आशा सेविका लसीकरणासाठी, अंगणवाडी सेविका पोषण आहारासाठी एरवीही दारात येतच असते. तिचं बोलणं घरात टोचत नाही.

ध्येयाची घडण

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी ध्येयांवर अनेक दशकं केलेल्या संशोधनाचा एक ठळक निष्कर्ष असा आहे की 'जमेल तेवढं करा' यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय दिल्यावर माणसं जास्त काम करतात. 'मोबाईल कमी वापरायचा' हे 'जमेल तेवढं' याचंच भावंड आहे. कधी कमी, कितीने कमी, कोण मोजणार, यातलं काहीच त्यात नाही. 'सात ते साडेआठ बंद' यात तिन्हींची उत्तरं आहेत आणि पाळलं की नाही हे शेजाऱ्यालाही कळतं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेला मुद्दा याच्या पुढचा आहे. नुसता हेतू असून भागत नाही, 'अमुक घडलं की मी तमुक करीन' अशी जोडणी आधीच करून ठेवली तर हेतू कृतीत उतरण्याची शक्यता वाढते. वडगावात 'अमुक घडलं' हा भाग भोंग्याने स्वतःकडे घेतला. सात वाजले का हे कुणाला लक्षात ठेवावं लागत नाही आणि 'हा एवढा भाग संपला की उठतो' ही घासाघीसही उरत नाही. आई मुलाला बंद कर म्हणते तेव्हा तो तिच्याशी वाद घालतो. भोंग्याशी वाद कुणाशी घालणार?

दुसरा भोंगा पहिल्याइतकाच कामाचा आहे, किंबहुना थोडा जास्तच. बंदीचा शेवट ठाऊक असेल तर माणूस ती सोसतो. 'आणखी चाळीस मिनिटं' म्हणत मूल पुस्तक घेऊन बसतं. 'आता मोबाईल मिळणारच नाही' म्हटलं की ते वाटा शोधायला लागतं.

तुलनेसाठी यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाचं उदाहरण घेता येतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी करणारा ठराव केला. हेतू तोच, घडण उलटी. बंदीला शेवट नाही, ती फक्त मुलांना आहे आणि ती मोडली जाते तेव्हा दिसत नाही, कारण मूल शेताच्या बांधावर, मित्राच्या घरी किंवा पांघरुणाखाली फोन बघतं. पाळली जाते की नाही हे सांगता येत नाही अशी गोष्ट समितीला राखता येत नाही. शिवाय बाप समोर बसून फोन बघत असताना मुलाला बंदी सांगायची म्हणजे त्या घरातल्या आईची रोजची परीक्षा. वडगावात सत्तर वर्षांच्या आजोबांनाही बातम्या बंद कराव्या लागल्या. मुलं पाळतात ती त्यामुळे.

पुढे बेळगावजवळच्या हलगा गावानेही सात ते नऊ असा भोंगा लावला. तिथे बंदीपेक्षा वेळेची रीत उचलली गेली, यात आश्चर्य नाही.

कुठे अडतं

पहिली अडचण शेतीची. उसाच्या पट्ट्यात फोन हे शेतीचं अवजार आहे. विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलेला असतो. वीज आली की त्यावरून फोन येतो आणि घरबसल्या मोटार चालू करता येते. शेतीपंपांची वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. सातच्या सुमारास वीज येण्याची पाळी असलेल्या आठवड्यात शेतकऱ्याला फोन बंद करून ठेवा म्हणणं म्हणजे पाणी सोडून द्या म्हणणं. त्याचप्रमाणे गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळीचा किंवा वाहतूकदाराचा फोन कधीही येतो. म्हणून नियमाचे शब्द 'फोन बंद' असे न ठेवता 'फोन हातात नको' असे ठेवावेत. फोन घरातल्या एका ठरलेल्या जागी, घंटेचा आवाज पूर्ण ठेवून असावा. वाजला तर उठून घ्यावा आणि बोलणं झालं की तिथेच परत ठेवावा. कॉल ही अडचण नसते. कॉल संपल्यावर अंगठा सवयीने जो पडदा सरकवतो, तिथून वीस मिनिटं जातात.

दुसरी अडचण शाळाच निर्माण करते. गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर संध्याकाळी सात-साडेसातला पडत असेल तर मुलाला फोन मागायला सबळ कारण मिळतं. असा नियम करणाऱ्या गावाने आधी मुख्याध्यापकांशी बोलून गृहपाठ वर्गातच वहीत उतरवून घ्यायची सोय करावी, नाहीतर साडेसहापूर्वी संदेश टाकायचा असं ठरवून घ्यावं. मग घरातल्या मोठ्याने सातच्या आत तो कागदावर लिहून काढायचा. हे केलं नाही तर बाकी सगळी रचना पंधरा दिवसांत सैल पडते.

तिसरी अडचण कॅलेंडरची आहे. वडगावात सुरुवात झाली त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २८ ऑगस्ट २०२२ रोजी, आशिया चषकात भारत-पाकिस्तान सामना होता आणि तो सुरू होण्याची वेळ संध्याकाळी साडेसात. ३१ ऑगस्टला गणपती बसले. नवा नियम पहिल्याच महिन्यात अशा दिवसांना सामोरा जातो. इथे दोन टोकं टाळावीत. 'काहीही झालं तरी नियम म्हणजे नियम' असं धरलं तर त्या रात्री निम्मं गाव उघडपणे नियम मोडतं आणि मोडता येतो हे सगळ्यांना कळतं. 'आजच्या दिवस चालू द्या' असं सात वाजता ठरवलं तर उद्या सात वाजताही तीच मागणी येते. मधला मार्ग म्हणजे सुटीचे दिवस महिन्याच्या सुरुवातीला जाहीर करणं. महिन्यात जास्तीत जास्त दोन, फळ्यावर लिहिलेले, आणि त्या दिवशी भोंगा वाजवायचाच नाही. भोंगा वाजला आणि कुणी उठलं नाही, असं एकदाही होऊ देऊ नये.

वीज गेली तर भोंगा वाजत नाही. पावसाळ्यात हे होणारच. त्या दिवशी देवळातली घंटा वाजवायची की दवंडी द्यायची, हे आधी ठरलेलं असावं. भोंगा वाजवण्याची जबाबदारी एका माणसाकडे आणि तो गावात नसेल तर दुसऱ्या ठरलेल्या माणसाकडे. आठ दिवसांत दोनदा भोंगा दहा मिनिटं उशिरा झाला की लोक घड्याळाकडे बघायला लागतात आणि बाहेरच्या खुणेचा उपयोग संपतो.

साडेआठनंतरचं उधाण ही सर्वांत कमी बोलली जाणारी अडचण. दीड तास दाबून धरलेलं सगळं साडेआठला उसळतं आणि झोप अर्धा-पाऊण तास पुढे जाते. मग दिवसभराचा एकूण वापर जवळपास तितकाच राहतो, फक्त रात्री सरकतो. उपाय सोपा आहे. जेवण दुसऱ्या भोंग्याला लावायचं. साडेआठला ताटं वाढली की फोनकडे जाणारा पहिला अर्धा तास जेवणात जातो आणि नंतरची ओढ बरीच उतरलेली असते.

आणि दंड. दंड लावण्याचा मोह होतो, पण तो वसूल करायला ज्याला जावं लागतं तोच आपला शेजारी असतो. एकदा पैशाचा विषय निघाला की दीड तासाची शांतता बाजूला राहते आणि 'त्याला का नाही लावला' याची चर्चा सुरू होते. दारावर येऊन 'सात वाजले बरं का काकू' म्हणणारी अंगणवाडीताई दंडापेक्षा जास्त काम करते.

शहरातल्या घरासाठी

ठाण्यातल्या किंवा नाशकातल्या सोसायटीत भोंगा लावता येणार नाही आणि लावूही नये. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. तिथे एक घर, जमलं तर एकाच मजल्यावरची तीन-चार घरं, एवढं एकक पुरतं. मुलं ज्या घरांत खेळायला जातात ती घरं सामील असली म्हणजे झालं.

सुरू करण्याआधी एक आठवडा काहीही न बदलता चार गोष्टी वहीत लिहाव्यात. मूल अभ्यासाला किती वाजता बसलं, जेवण किती वाजता झालं, सगळे किती वाजता झोपले आणि ठरवलेल्या वेळेत फोन किती वेळा उघडला. अँड्रॉइडमध्ये 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'मध्ये शेवटचा आकडा मिळतो. दिवसभराच्या एकूण तासांकडे बघू नये. तो आकडा फार हळू हलतो, त्यामुळे आठवड्याभरात हिरमोड होतो.

वेळ निवडताना घरातली सर्वांत उशिरा येणारी व्यक्ती धरावी. लोकलने साडेसातला घरी पोचणाऱ्या आईबापांसाठी सात ते साडेआठ ही वेळ निरर्थक आहे. त्यांना आठ ते नऊ बरी. पहिला आठवडा अर्धा तास, दुसऱ्यात पाऊण, मग तास. दीड तासावर पहिल्या दिवशी उडी मारणारी घरं बहुधा पहिल्या शनिवारीच थांबतात. वडगावला ते जमलं कारण शेजारचं घरही बंद होतं.

खूण फोनवर लावू नये. फोनचा गजर बंद करायला हात फोनवर जातो आणि तिथेच राहतो. स्वयंपाकघरातला चावीचा टायमर, देवघरातली घंटा किंवा ठोके देणारं भिंतीवरचं घड्याळ चालेल. फोन ठेवायची जागा अभ्यासाच्या खोलीबाहेर हवी, पण घंटा ऐकू येईल अशी. दाराजवळच्या चप्पलस्टँडवरचा खण पुष्कळ घरांत सोयीचा पडतो.

महत्त्वाचे फोन चुकतील ही भीती खरी असते आणि तिची सोय फोनमध्येच आहे. 'डू नॉट डिस्टर्ब' लावून आईवडील, शाळा, कार्यालयातला एखादा क्रमांक यांना सूट द्यावी. त्यातच पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉलना परवानगी देणारा पर्याय असतो. अँड्रॉइडवर त्याच व्यक्तीचा १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर वाजतो, आयफोनवर ही मुदत ३ मिनिटांची आहे. नातेवाइकांना एकदा सांगून ठेवायचं की अडचण असेल तर लागोपाठ दोनदा करा. मूल अमेरिकेत असेल तर आणखी एक हिशेब करावा. भारतात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात, म्हणजे रविवारी तिकडून व्हिडिओ कॉल येण्याची हीच वेळ. रविवार सरळ वगळावा किंवा कॉल साडेआठनंतर ठरवावा. नातवंडांचा कॉल तोडणारा नियम आजीआजोबा आठवडाभरही पाळणार नाहीत आणि त्यात त्यांचं काही चूक नाही.

अॅपच्या कुलपांवर फार भिस्त ठेवू नये. अँड्रॉइडचा 'फोकस मोड' ठरलेल्या वेळी निवडक अॅप थांबवतो, पण त्यातच थोडा वेळ सूट घेण्याचं बटण असतं. आयफोनच्या 'डाउनटाइम'ला पासकोड लावला नसेल तर एका टिचकीत तो ओलांडता येतो. मुलाच्या फोनवर पासकोड लावून तो मोठ्यांकडे ठेवला तर उपयोग होतो. राउटरवर वेळ लावून वायफाय बंद केलं तरी मोबाईल डेटा चालूच राहतो, हे घरातल्या सर्वांत लहान मुलालाही ठाऊक असतं. टीव्हीच्या बाबतीत सेट-टॉप बॉक्सची पिनच काढावी. पुन्हा लावल्यावर चित्र यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात चाळा म्हणून लावणारा बहुधा सोडून देतो.

पहिली वीस मिनिटं सर्वांत जड जातात, विशेषतः मोठ्यांना. मुलांना गृहपाठ असतो, आईबापांना काय? म्हणून हाताला लागेल असं काम आधीच काढून ठेवावं. उद्याची भाजी निवडणं, शेंगा सोलणं, वर्तमानपत्राची पुरवणी, बिलांची फाइल, कॅरम. 'आपण गप्पा मारू' असं ठरवून गप्पा होत नाहीत, हात कामात असले की होतात.

किती दिवस धरायचं

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी कृती आपोआप होऊ लागायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त दिवस लागले. व्याप्ती १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होती. त्यामुळे '२१ दिवसांत सवय' हे सोडून द्यावं. १५ ऑगस्टपासून ६६ दिवस मोजले तर २० ऑक्टोबर येतो. २०२२ मध्ये दुसऱ्याच दिवशी वसुबारस होती. म्हणजे सवय मुरायला लागते न लागते तोच दिवाळीची सुटी, पाहुणे, गावाला जाणं. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष इथे कामाला येतो. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात विशेष फरक पडत नाही. दिवाळीत चार-सहा दिवस खंड पडणार हे आधीच मान्य करावं आणि पुन्हा सुरू करायची तारीख सुटीआधीच फळ्यावर किंवा फ्रिजवर लिहून ठेवावी. शाळा उघडण्याच्या आदला दिवस सर्वांत बरा, कारण त्या संध्याकाळी दप्तर भरायचंच असतं.

चार आठवड्यांनी वहीतले चार आकडे पुन्हा काढावेत. अभ्यासाला बसण्याची वेळ अलीकडे आली आणि झोपेची वेळ पुढे गेली नाही, तर रचना चालते आहे. झोप पुढे गेली असेल तर जेवणाची वेळ हलवावी, नियमाला हात लावू नये. अभ्यासाची वेळ जागेवरच असेल तर बहुधा घरातलं एक मोठं माणूस 'फक्त दोन मिनिटं' म्हणत फोन घेऊन बसतं आहे. ते कोण, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. त्याच्याशी मुलांसमोर बोलू नये, दुसऱ्या घंटेनंतर बोलावं.

मे महिन्यात शाळा नसते आणि सात वाजता मुलं अजून अंगणात असतात. तेव्हा वेळ साडेसातवर सरकवली तरी चालते. मात्र ती एकदाच, एक तारखेपासून, आणि परत सातवर कधी आणायची ते त्याच दिवशी सांगून.